दहाच्या आधीचं शून्य

१७ फेब्रुवारी

आज ऑफिसात पोलीस आले. म्हणजे एकच हवालदार, तेही कागद द्यायला. पण जीप दारात थांबली आणि समोरच्या पंक्चरवाल्यापासून सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. लालासाहेबांनी आतूनच विचारलं, "काय केलंस गं संयोगिता?" आणि स्वतःच हसले. मालकानं विनोद केला की हसावं लागतं, मीही हसले.

कागद शिवांजलीच्या प्रकरणाचा आहे. वरच्या आळीतली पोरगी, बी.एड. झालेली, सरळ खाली मान घालून जाणारी. कुणीतरी खोट्या नावाचं खातं काढून तिचा चेहरा भलत्याच उघड्या अंगाला चिकटवला आणि ते फोटो तिच्या होणाऱ्या सासरी पाठवले. साखरपुडा मोडला. तेव्हापासून ती घराबाहेर आलेली नाही, आणि तिचा भाऊ शिवतेज म्हणे गाडीच्या डिकीत पाईप घेऊन फिरतोय. ज्यानं केलं त्याला खरंच चौकात उभा करून बडवला पाहिजे. मी हे रागात लिहितेय, पण मनापासून लिहितेय.

गावाला इंटरनेट आमची कंपनी देते, आणि फोटो त्यावरूनच गेलेत. आता गावातली दोनशेवर घरं बाहेरच्या जगात एकाच आयपी अ‍ॅड्रेसनं जातात. एस.टी. स्टँडला बाहेर पडायला एकच गेट असावं तसं. आत मात्र प्रत्येक घराला आपापला पत्ता, त्याच्या शेवटी घराचा नंबर. गेटातून कोण कधी बाहेर गेलं हे मशीन लिहून ठेवतं. लाखो ओळी असतात. त्यातून नेमकं घर काढून द्या, असं पोलिसांचं म्हणणं.

लालासाहेब म्हणाले, "हुईल का गं तुझ्यानं?" पुण्यात पाच वर्षं काय गवऱ्या थापत होते का मी? कंपनीनं काढलं म्हणून गावात आले, अक्कल तिकडं ठेवून नाही आले.

१८ फेब्रुवारी

दिवसभर पायथनशी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेशी झोंबाझोंबी. माझ्या आधी जो गडी इथं होता त्याला ओळी सरळ दिसायची भारी हौस. घराचा नंबर कायम तीन आकडी लिहायचा, सातला ००७, पंचेचाळीसला ०४५. शाळेतल्या हजेरीसारखं. मशीनला तशीच सवय लावून गेलाय. आणि पायथनमधली आयपी अ‍ॅड्रेस वाचायची नवी सोय इतकी नखरेल, की पुढं शून्य दिसलं की अंगावरच येते. पुढचं शून्य चालणार नाही, म्हणे. चालणार नाही तर नाही, बाई. मी एक जुनी पद्धत शोधून काढली, ती काही कुरकुर न करता गपगुमान सगळं वाचते. थोड्या ओळी तिलाही गिळता आल्या नाहीत. त्या खराब समजून टाकून दिल्या. एवढ्या ढिगात थोडा कचरा असतोच.

तपासून पाहिलं. ऑफिसचा नंबर एकशेचाळीस, बरोबर आला. आमचं घर एकशेबारा, तेही बरोबर.

राजवर्धन बराच वेळ माझ्या टेबलाशी बसला होता. लालासाहेबांचा मुलगा, पुण्याहून एमबीए करून आलाय, आता धंदा बघणार म्हणे. एरवी ऑफिसात टेकत नाही. आज मात्र शिकायचंय म्हणाला. हे किती दिवस साठून राहतं, मोबाईल घरच्या वायफायवर असला तरी कळतं का, मधलं काही पुसलं तर. मला वाटलं नव्हतं त्याला एवढा रस असेल. "तू इथं वाया चाललीस," म्हणाला. मला बरं वाटलं. माझ्याच वहीत खोटं कशाला लिहू, लय बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी पोरं ज्योत घेऊन आली. सगळ्यांच्या पुढं कृष्णात, अनवाणी, घामानं भिजलेला आणि दमलेला अजिबात नाही. मंगलकाकूंचा मुलगा. सैन्यात भरती झालाय. मैदान, लेखी, मेडिकल, सगळं पास. आता पोलिसांचं चारित्र्याचं पत्र गेलं की मे महिन्यात ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं. वयात बसायचं हे शेवटचंच वर्ष होतं, त्याच्या आधी दोनदा छातीत बसला नव्हता. माझ्या आईनं त्याला पाणी दिलं तर म्हणाला, "आवं काकी, आता पाणी न्हाई, डायरेक सेंटरवरचा च्या." पोरं खिदळली. मंगलकाकू मागं उभ्या होत्या. त्यांचा नवरा फौजेत असतानाच वारला, आणि तरी पोराला तिकडंच पाठवायचंय त्यांना.

२० फेब्रुवारी

नंबर आला. आठ.

आठ नंबर म्हणजे कृष्णातचं घर. आमच्या इंटरनेटचा पहिला खांब त्यांच्या रानात उभा आहे, त्या बदल्यात लालासाहेबांनी पहिल्या दहात त्यांना फुकट कनेक्शन दिलेलं.

मी प्रोग्रॅम परत चालवला. परत आठ. तिसऱ्यांदाही आठ. फोटो गेले त्या प्रत्येक वेळेला आठच.

डोळ्यासमोर कालचं ते भिजलेलं तोंड येतंय. आणि मग मला त्याचाच राग आला. हसत फिरतोय बघा कसा, पोरीचं वाटोळं करून. माणूस वरून कळत नाही, हेच खरं. आकड्याला मात्र तोंड बघायचं नसतं. मी अहवाल लिहिला, सही केली, लालासाहेबांनी शिक्का मारला. त्यांनी नाव वाचलं आणि शिक्का खाली ठेवला. मग म्हणाले, "मंगलचं पोरगं? बघ बाई नीट." मी म्हटलं, साहेब, तीनदा बघितलंय.

२१ फेब्रुवारी

हवालदार सकाळी पाकीट घेऊन गेले. कुणाला सांगायचं नाही असं बजावून गेले.

राजवर्धननं दुपारी मिसळ मागवली. विचारत होता, निघालं का कोण. मी आधी नाही सांगितलं. मग तो म्हणाला, "अगं, मालकाच्या पोराला काय लपवतेस, बाबा सांगतीलच ना." म्हणून सांगितलं. तर तो एकदम खुर्चीत मागं टेकला आणि मोठ्यानं हसला. म्हणाला, "कृष्णात? सालं, कुणाला वाटलं असतं!" मग माझ्या ताटात आपला पाव ठेवला. आठवडाभर याचा चेहरा ओढलेला होता, आज पहिल्यांदा खुलला. बापाच्या कंपनीची अब्रू टांगणीला होती, काळजी वाटणारच.

२२ फेब्रुवारी

कृष्णातला मारलं.

पोलिसांनी त्याला आज अकराला बोलावलं होतं. त्याच्या आधीच शिवतेज आणि त्याच्या चुलतभावांनी त्याला ओढ्याच्या पुलावर गाठलं. तो सकाळचा पळायला गेला होता. पाईप, लाथा. पंक्चरवाला सांगत होता, कानातून रक्त येत होतं आणि पोरगं एवढंच म्हणत होतं, "मी न्हाई रं शिवत्या, आईशपथ मी न्हाई." सांगलीला नेलाय.

नाव फुटलं कसं? पोलिसांच्यातलंच कुणीतरी बोललं असणार. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

आईनं भाकरी वाढली, मी ती तशीच झाकून ठेवली. मी काही त्याला मारायला सांगितलं नव्हतं. कायद्यानं जे झालं असतं ते झालं असतं. पण चौकात बडवला पाहिजे हे मीच लिहिलंय, मागच्या पानावर, माझ्याच अक्षरात.

२ मार्च

कृष्णात अजून सांगलीतच. बरगडी मोडली, ती जुळेल म्हणतात. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. फोन पोलिसांनी जमा केला, त्यात काहीच सापडलं नाही. पुसलं असेल, असं हवालदार म्हणाले. चारित्र्याचं पत्र अडकलं. मंगलकाकू घराला कुलूप लावून तिकडंच मुक्कामाला आहेत. शेरडं शेजारणीकडं बांधलीत.

गावात दोन तट पडलेत. आई म्हणते, "त्या पोराच्या डोळ्यात तसलं काय दिसत न्हाई बाई." मी तिच्यावर खेकसले. डोळ्यात दिसायला लागलं असतं तर आमच्यासारख्यांची गरज काय होती?

राजवर्धन कराडला कॉफीला चल म्हणाला. गेले नाही. का नाही गेले कोण जाणे.

११ मार्च

पोलिसांचा दुसरा कागद. शिवांजलीला परत मेसेज आलाय, त्याच खात्यावरून. "अजून फोटो आहेत. हो म्हण, नाहीतर तुझ्या बापाच्या मोबाईलवर टाकतो." परवा दुपारचा. पुन्हा आमच्याच गेटातून.

मी ते दोनदा वाचलं. हो म्हण, म्हणजे कशाला हो म्हण? कृष्णातनं तिला कधी विचारलेलं कुणाच्या ऐकिवात नाही. शिवांजलीच्या आईनं हवालदारांना सांगितलं म्हणे, एका मोठ्या घरातनं मागणी आली होती, पोरगीच नको म्हणाली. घराचं नाव सांगायला ती भिते.

मी प्रोग्रॅम चालवला. आठ.

आठ नंबरला कुलूप आहे. मी स्वतः जाऊन पाहून आले. मीटरचं बटण खाली पाडलंय, मंगलकाकू वीज बंद करून गेल्यात. अंधाऱ्या घरातून मेसेज कसा जाईल?

१२ मार्च

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

आज मी प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि मशीननं लिहिलेली मूळ ओळ उघडून डोळ्यांनी वाचली. आधीच वाचायची होती. तिथं शेवटी आठ नाही. तिथं आहे ०१०.

दहा. पुढं त्या गड्याच्या हौसेचं शून्य.

मी जी जुनी पद्धत वापरली, तिला पुढं शून्य दिसलं की ती आकडा आपल्या दहाच्या हिशोबानं वाचत नाही, आठाच्या हिशोबानं वाचते. संगणकाच्या आजोबांच्या काळातली रीत आहे ती. आठआठाचे गठ्ठे. एक आणि शून्य म्हणजे एक गठ्ठा, वर काही नाही. म्हणजे आठ. दहा नंबरच्या घरानं जे जे केलं, ते सगळं मी आठ नंबरच्या नावावर टाकलं. आणि आठ नंबरच्या खऱ्या ओळी, ००८ च्या? आठाच्या हिशोबात शून्य ते सात एवढेच अंक, आठ हा अंकच नसतो. तिला त्या वाचता आल्या नाहीत, आणि मी त्या कचरा म्हणून फेकल्या. त्या ओळी आज काढून पाहिल्या. फोटो गेले त्या वेळांना कृष्णातच्या घरून एकही ओळ नाही. पोरगं बहुतेक रानात पळत असेल.

माझं घर एकशेबारा, ऑफिस एकशेचाळीस. शंभराच्या वरच्यांना पुढं शून्य लागत नाही. म्हणून माझी परीक्षा बरोबर आली. मी माझंच घर तपासलं आणि दुसऱ्याचं बुडवलं.

नव्या पद्धतीनं मला अडवलं होतं. पुढचं शून्य चालणार नाही, असं स्वच्छ सांगितलं होतं. मी तिला नखरेल म्हटलं.

दहा नंबर लालासाहेबांचा बंगला आहे.

आणि कृष्णातचं नाव मी पोलिसांखेरीज एकाच माणसाला सांगितलं होतं. मिसळ खाताना. दुसऱ्या सकाळी शिवतेज पुलावर उभा होता.

देवा, मी राजवर्धनच्या हसण्याला काय समजत होते.

१३ मार्च

लालासाहेबांना दार लावून सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले.

"म्हंजी राजा?"

मी म्हटलं, घर तुमचं. घरात तुम्ही, काकी आणि तो.

"असं कर," ते म्हणाले, "मशीनच बिघडलंवतं म्हून लिव्ह. आठ बी न्हाई, दहा बी न्हाई. मंगलचं पोरगं सुटंल. माजं बी ऱ्हाईल. कुनाचंच वाईट न्हाई."

"आणि शिवांजली?"

"तिला मी बघतो."

मी म्हटलं, "साहेब, तिला बघायचं काम तुमच्या घरातल्यांनी आता बंद करावं." माझ्या तोंडातून हे निघालं यावर माझाच विश्वास बसला नाही. ते उठले. मला वाटलं मारतात. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एकच हाय गं आमाला," म्हणाले.

मंगलकाकूंनाही एकच आहे, हे बाहेर आल्यावर सुचलं. तेव्हा नाही सुचलं.

मोहाची गोष्ट लिहून ठेवते. मशीन बिघडलं होतं असं लिहिलं असतं तर माझी चूक कुणालाच कळली नसती. दुपारभर मी तो कागद मनात लिहून पाहिला. छान जमत होता.

१७ मार्च

खरं लिहून दिलं. चूक कुठं झाली, शून्य, आठाचा हिशोब, सगळं. ठाण्यातल्या साहेबांनी दोनदा वाचलं. "मॅडम, आधी आठ म्हणालात, आता दहा. कोर्टात त्यांचा वकील विचारंल, उद्या अकरा म्हणणार का? काय सांगू मी?" मी मूळ ओळीचा कागद त्यांच्यापुढं सरकवला. वकिलाला तो पुरेल का, माहीत नाही.

पण कृष्णातवरचं किटाळ काढतो म्हणाले. चारित्र्याचं पत्रही पाठवतो म्हणाले. मी खुर्चीवरच रडले. त्यांनी पाणी मागवलं.

राजवर्धन पुण्याला गेलाय म्हणे. फोन पाण्यात पडून हरवला, असं सांगितलं त्यानं. माझी नोकरी अर्थातच गेली. ऑफिसच्या किल्ल्या मीच टेबलावर ठेवल्या.

२ एप्रिल

कृष्णात घरी येऊन आठवडा झाला. शिवतेज जाऊन मंगलकाकूंच्या पाया पडला, म्हणाला खोट्या माहितीवर चुकलो. गावात आता असं बोलतात की संयोगितानं खरा चोर शोधला, मालकाला भ्याली नाही. भाजीवाली माझ्याकडून कोथिंबिरीचे पैसे घेईना. आधीचं नाव कुणी दिलं होतं, हे पोलीस आणि बंगल्यावरचे सोडून कुणाला माहीत नाही. मीही सांगितलेलं नाही. उद्या सांगेन असं रोज ठरवते.

तो परत पळायला लागलाय. पहाटे आमच्या दारावरून जातो. पाऊल एका बाजूला किंचित जातं, पण जातो. जाऊ दे. एकदा सेंटरला पोचला की मग सांगेन. आताच कशाला त्याच्या डोक्याला ताप.

९ मे

सेंटरवरून परत पाठवला. तिथं पुन्हा तपासणी होते. कानाच्या पडद्याला भोक आहे, डाव्या बाजूचं ऐकू येत नाही. अनफिट. पुढच्या भरतीत वय बसत नाही.

आईनं हे सांगितलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. घालतच राहिले. सगळे पिळे झटकून घातले, चिमटे लावले. मग मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच बसून राहिले.

१२ मे

गेले.

संध्याकाळची वेळ होती. मंगलकाकू आत चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये गं बाय. तुज्यामुळं माज्या लेकराचं नाव तरी धुतलं. बस, जिवून जा." कृष्णात सोप्यात घोंगड्यावर बसला होता, शेरडाच्या पिल्लाच्या गळ्यात दोरी बांधत. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

काय बोलायचं ते वाटभर घोकलं होतं. आत आवाज जाऊ नये म्हणून हळू बोलले. म्हटलं, कृष्णात, तुझं नाव पहिल्यांदा मीच दिलं. दहाला आठ वाचलं. प्रोग्रॅम अडत होता तेव्हा थांबून बघायला पाहिजे होतं, मला घाई होती आणि मला सगळं येतं असा माज होता. आणि नाव फोडलं तेही मीच, मिसळ खाता खाता. त्यांनी पाईप उचलला, पण तुला त्यांच्या हातात मी दिलं. माफ कर असं म्हणायचं तोंड नाही मला. तू काय वाट्टेल ते बोल.

सगळं बोलले. एकदाही न थांबता. मग मान खाली घालून बसले.

तो दोरीची गाठ मारत होता. गाठ पक्की झाली तशी त्यानं पिल्लाला सोडलं आणि माझ्याकडं वळला. मी शेजारी आहे हे जणू त्याच्या ध्यानातच नव्हतं. कसनुसं हसून त्यानं डाव्या कानाला हात लावला.

"ताई, काय म्हनत हुता? ह्या अंगानं मला काय ऐकू येत न्हाई. इकडनं या, आन् जरा मोठ्यानं बोला."

मी उठले. त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले, मोठ्यानं. आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला.